पूल उघडतो तेव्हा ट्राम कुठे असते?

नाशिकच्या मेन रोडवरील जुन्या महापालिका इमारतीपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत एकेकाळी ट्राम धावत होती, हे नव्या पिढीला सांगूनही खरे वाटत नाही. १८८९ साली टाकलेली ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची छोटी लाईन. दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्याचे नाव पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे सर्वदूर झाले. दुष्काळ आला, मग प्लेगच्या साथी एकामागून एक आल्या. साथीत गाव ओस पडले की ट्राममध्ये बसणार कोण? तोटा साचत गेला आणि १९३१ ते १९३३ या काळात केव्हातरी नाशिकची ट्राम कायमची थांबली.

या ट्रामला गोदावरी ओलांडावी लागली नाही. मेन रोड आणि स्टेशन दोन्ही नदीच्या एकाच अंगाला. पलीकडे पंचवटीत जायला व्हिक्टोरिया पूल होता, म्हणजे आजचा अहिल्याबाई होळकर पूल. तोही आपल्या जागी पक्का बसलेला. गोदावरीत उंच डोलकाठीचे जहाज येत नाही, त्यामुळे नाशिकच्या पुलाला बाजूला होण्याची वेळ कधी येत नाही. इथे पुलाला धास्ती असते ती पुराची. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले, छातीला लागले, यावर गावाचा अंदाज चालतो.

समुद्राजवळच्या शहरांचे मात्र तसे नव्हते. तिथे नदीतून जहाजे थेट शहराच्या पोटात येत. पूल उंच बांधावा तर दोन्ही बाजूंचे चढ लांबच लांब होतात आणि त्यासाठी शहरात जागा नसते. ठेंगणा बांधावा तर जहाज अडते. त्यावर उपाय निघाला हलत्या पुलाचा. जहाज आले की पुलाचा एक भाग बाजूला किंवा वर करायचा, जहाज गेले की परत आणायचा. बैलगाडी, टांगा, पायी माणूस यांना याचा त्रास एवढाच, की काही मिनिटे थांबावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विजेची ट्राम आली आणि प्रश्न अवघड झाला. ट्राम खाली रुळाला बांधलेली, वर तारेला बांधलेली. पूल उघडायचा म्हणजे रूळही तोडायचा आणि तारही. तोडलेले दोन्ही पुन्हा तंतोतंत जुळवायचे, तेही दिवसातून अनेकदा. आणि पूल उघडा असताना येणारी ट्राम काठावर थांबलीच पाहिजे, याची हमी कोणीतरी घ्यायची.

मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. त्या सत्तावन्न वर्षांत मुंबईकराला हा प्रश्न पडला नाही, कारण मुंबईच्या मधोमध जहाजे नेणारी नदी नाही. कोलकात्याला तो पडला. हुगळीवर १८७४ साली सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी बांधलेला हावडा पूल हा तरंगत्या तराफ्यांवरचा पूल होता. मोठ्या जहाजासाठी त्याचा मधला सुमारे २०० फुटांचा भाग सोडवून बाजूला नेत. भरती-ओहोटीबरोबर अख्खा पूल वर-खाली होई. १९०२ मध्ये कोलकात्यात विजेची ट्राम आली, १९०५ मध्ये हावड्याच्या बाजूलाही आली, पण या पुलावरून ट्राम गेली नाही. दोन काठांवर दोन वेगळ्या ट्राम, मध्ये नदी. स्टेशनवर उतरलेला प्रवासी पूल ओलांडून पलीकडची ट्राम पकडे. १९४३ च्या फेब्रुवारीत आजचा उंच, न हलणारा हावडा पूल सुरू झाला, तेव्हा त्यावरून गेलेले पहिले वाहन होते एक एकटी ट्राम. कोलकात्याने हा पेच सोडवला तो असा, पूलच न उघडणारा बांधून.

अमेरिकेतल्या शहरांना तेवढी वाट पाहता आली नाही. शिकागोत तर नदी शहराच्या मधोमध, बोटींची रीघ आणि दोन्ही काठांवर ट्रामची गर्दी. तिथले जुने पूल फिरते होते. नदीच्या मध्यावर एक जाडजूड खांब, त्यावर पुलाचा मधला भाग बसवलेला. बोट आली की तो भाग दाराच्या फळीसारखा नव्वद अंशांत फिरे आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनी बोटींना वाट मिळे. पूल इतक्या वेळा उघडत की कंटाळून लोकांनी नदीखालून बोगदे काढले. वॉशिंग्टन स्ट्रीटचा बोगदा १८६९ सालचा, लासाल स्ट्रीटचा १८७१ चा. मुळात टांगे आणि पादचाऱ्यांसाठी काढलेल्या या बोगद्यांतून पुढे ट्राम नेल्या गेल्या.

या शहराचे फिरते पूल गेले कसे, ही गोष्ट आरोग्याच्या पानावर सांगण्याजोगी आहे. शिकागो आपले सांडपाणी नदीत सोडत असे, नदी ते मिशिगन सरोवरात नेऊन टाकी आणि शहर पिण्याचे पाणी त्याच सरोवरातून उचले. एका वर्षात, १८९१ मध्ये, तिथे जवळपास २,००० माणसे टायफॉइडने दगावली. (नाशिकमध्ये नासर्डीचे पाणी गोदावरीला कुठे मिळते आणि खालची गावे पाणी कुठून उचलतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे गणित वेगळे समजावून सांगायला नको.) शेवटी शहराने धाडसी उपाय केला. सुमारे ४५ किलोमीटरचा कालवा खणून जानेवारी १९०० मध्ये नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. घाण सरोवराकडे न जाता आत, दुसऱ्या नद्यांकडे जाऊ लागली. अर्थात खालच्या गावांना ते आवडले नाही, ते प्रकरण न्यायालयात गेले. पण उलट्या फिरवलेल्या नदीला वेगाने वाहायला मोकळी वाट हवी होती आणि फिरत्या पुलांचे मध्यावरचे जाड खांब त्या वाटेत होते. म्हणून सांडपाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळानेच खर्च करून असे अनेक पूल काढले आणि त्या जागी मध्ये खांब नसलेले, काठावरून वर उचलले जाणारे पूल आणले. टायफॉइडमुळे शहराच्या पुलांची जात बदलली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होत नाही.

उचलता पूल म्हणजे बागेतला सी-सॉ. एका बाजूला नदीवर पसरलेले लांब पाते, दुसऱ्या बाजूला काठाशी लोखंडाचे किंवा काँक्रीटचे भलेमोठे वजन. दोन्हीकडचा तोल जवळजवळ सारखा, त्यामुळे शेकडो टनांचे पाते उचलायला मोटर तशी लहानच पुरते. विल्यम शेर्झर या अभियंत्याने यात एक सुधारणा केली. पात्याचे मागचे टोक त्याने झुलत्या खुर्चीच्या पायासारखे गोल केले. पूल उघडताना पाते वर उचलले जाते आणि त्याच वेळी मागे लोळत सरकते. या पद्धतीचा सुरुवातीचा पूल शिकागोत १८९५ च्या सुमारास उभा राहिला, तो विजेवर चालणाऱ्या उन्नत रेल्वेसाठी. तो पाहायला शेर्झर हयात नव्हता. पण त्याच्या नावाच्या पुलावरून असंख्य मराठी माणसे गेली आहेत. ती कशी, ते पुढे येईल.

आता रुळाचे पाहू. पाते खाली आले की त्यावरचा रूळ काठावरच्या रुळाशी जुळला पाहिजे. आडवा, उभा, दोन्ही अंगांनी. चाकाची कड तिथे आपटली तर गाडी घसरते. फिरत्या पुलात आणखी एक अडचण असते. पूल उघडा असताना त्याची दोन्ही टोके अधांतरी असतात आणि स्वतःच्या वजनाने थोडी वाकतात. म्हणून पूल जागेवर आल्यावर टोकांखाली यंत्राने पाचरी ठोकून ती वर उचलावी लागत, तेव्हा कुठे रूळ समपातळीत येई. उचलत्या पुलात दोन पाती मध्यावर भेटतात, तिथे जाड पोलादी अडसर एका पात्यातून दुसऱ्यात सरकतो. तो नसेल तर गाडीच्या वजनाने एक पाते दबेल आणि दुसरे तसेच राहील. नुसता पूल मिटला म्हणून भागत नाही. पाचर बसली का, अडसर सरकला का, हेच खरे प्रश्न.

त्यात पोलाद उन्हाने वाढते. ६० मीटरचे पोलादी पाते घेतले आणि हिवाळ्यातली पहाट व उन्हाळ्यातली दुपार यांत ३० अंशांचा फरक धरला, तर लांबी सुमारे २ सेंटिमीटरने बदलते. नाशिकलाच जानेवारी आणि मे यांत एवढा फरक सहज पडतो. म्हणून रुळाच्या सांध्यात फट ठेवावीच लागते. ती फार झाली तर चाक आपटते, कमी पडली तर पूल अडकून बसतो. ॲमस्टरडॅममध्ये कडक उन्हाळ्यात आजही पुलांवर पाणी मारून त्यांना थंड करतात, ते याचसाठी. रुळाची टोके सरळ न कापता तिरकी कापली, की चाक एका रुळावरून पूर्ण सुटण्याआधी दुसऱ्यावर टेकते आणि फट जाणवत नाही.

तारेचा प्रश्न दिसायला अधिक कठीण, पण त्याचे उत्तर गमतीचे निघाले. ट्रामच्या टपावर एक लांब दांडा, त्याच्या टोकाला खाच असलेले छोटे चाक आणि ते चाक वरच्या तारेला खालून टेकून धावते. तारेत साधारण ६०० व्होल्टचा एकदिशा प्रवाह. पुलाच्या कडेला तार तुटलेली असते. चाक तिथे पोहोचले की तार सोडून हवेत जाणार, दांडा उसळी घेणार आणि आसपासच्या तारा फाडणार. त्यावर उपाय म्हणजे उलटी पन्हळ. घराच्या छपराची पन्हळ उलटी टांगावी, तसे लाकडाचे किंवा धातूचे एक लांबट खोके तारेच्या टोकाशी बसवत. चाक तारेवरून त्या पन्हळीत शिरे, तिच्या पोटातून सरळ पुढे जाई आणि पलीकडच्या तारेवर अलगद बसे. दोन्हीकडच्या पन्हळी जुळायला तारेइतकी अचूकता लागत नाही, दोन-चार बोटे इकडेतिकडे चालून जाते. मधल्या टप्प्यात वीज मिळत नसली तरी गाडी आपल्या वेगाने पुढे सरके. त्या क्षणी डब्यातले दिवे विझत आणि पलीकडे पोहोचल्यावर पुन्हा लागत.

पुलाच्या हलत्या भागावरच्या तारेला वीज द्यायची कशी? नदीच्या तळातून केबल टाकून. फिरत्या पुलात ती केबल मधल्या खांबातून वर काढत. वीज परत जाण्याची वाट रुळांतून असे, म्हणून रुळांची साखळी पुलापाशी तुटली की तिलाही तळातून जोड द्यावा लागे. तो जोड कच्चा राहिला तर प्रवाह जमिनीतून वाट काढतो आणि वाटेत लागलेले लोखंडी नळ हळूहळू खातो. पाण्याचे नळ असे कुरतडले गेल्याच्या तक्रारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्राम असलेल्या अनेक शहरांत होत्या. फुटक्या नळात काय शिरते, हे कोणत्याही डॉक्टरला विचारावे.

तर रूळ जुळले, तार जुळली. राहिला तिसरा सांधा, माणसाच्या लक्षाचा. तो जुळवायला सर्वांत जास्त वेळ लागला आणि त्याची किंमत प्रवाशांनी मोजली.

१ नोव्हेंबर १८९३, अमेरिकेतले पोर्टलँड शहर, मॅडिसन स्ट्रीटचा पूल. सकाळची वेळ, रुळांवर दहिवर गोठलेले. पूल उघडा आहे हे ट्रामचालकाला उशिरा कळले. ब्रेक लावले, चाके थांबली, पण गाडी घसरत गेली आणि नदीत पडली. सात जण बुडाले.

१६ नोव्हेंबर १८९५, क्लीव्हलँड. कायाहोगा नदीवरचा सेंट्रल व्हायाडक्ट पाण्यापासून सुमारे १०० फूट उंच. इथे खबरदारीची चांगली व्यवस्था होती. पुलाच्या अलीकडे रुळात एक सांधा असे, जो एरवी गाडीला रुळावरून बाजूला उतरवील असाच ठेवलेला. कंडक्टरने गाडी थांबवून उतरायचे, पुढे जायचे, पूल मिटलेला आहे हे पाहायचे, सांधा हाताने जुळवायचा आणि मग चालकाला खूण करायची. त्या संध्याकाळी, तेव्हाच्या वृत्तांतांनुसार, कंडक्टर उतरला, सांधा जुळवला आणि खूण केली. पूल उघडा होता. १७ माणसे गेली.

७ नोव्हेंबर १९१६, बॉस्टन. निवडणुकीचा दिवस, संध्याकाळी साडेपाचच्या आसपासची वेळ, सूर्य मावळून गेलेला. समर स्ट्रीटचा पूल तिरका मागे सरकणारा होता आणि त्या वेळी तो उघडलेला होता. कामावरून घरी निघालेल्या लोकांनी भरलेली ट्राम बंद फाटके तोडून पाण्यात गेली. ४६ मृत्यू. खिडक्या-दारे लावलेला बंद डबा आणि नोव्हेंबरचे गार पाणी. साधारण १५ अंशांखालचे पाणी अंगावर एकदम आले की माणूस आपल्या इच्छेविरुद्ध जोरात श्वास ओढतो, हा शरीराचा प्रतिक्षेप आहे. तोंड पाण्याखाली असेल तर त्या पहिल्याच श्वासात पाणी आत जाते. चांगला पोहणाराही यातून सुटत नाही.

तिन्ही घटना नोव्हेंबरच्या. थंडी, लवकर पडणारा अंधार, निसरडे रूळ. हिशेब साधा आहे. ट्राम ताशी २० किलोमीटर वेगाने येत असेल तर ती सेकंदाला साडेपाच मीटर कापते. समोरचे दिसणे, त्याचा अर्थ लागणे आणि हात ब्रेकवर जाणे यांत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात ८ मीटर सरले. नंतर ब्रेक चांगले लागले तरी आणखी १५ मीटर. म्हणजे चोवीसेक मीटर हवेत. लोखंडावर लोखंडाची पकड मुळातच कमी असते. रुळावर दहिवर आले आणि ती निम्म्यावर गेली, तर तीच गाडी थांबायला जवळजवळ ४० मीटर घेते. चालकाला जे फाटक २५ मीटरवर दिसले, त्याचा त्याला काही उपयोग नव्हता.

क्लीव्हलँडच्या कंडक्टरचे कोडे मात्र वेगात किंवा घर्षणात सुटत नाही. तो झोपलेला नव्हता, काम टाळत नव्हता. उतरला, चालत गेला, खटका ओढला, हात हलवला. पाहण्याची एक पायरी तेवढी राहिली. ती का राहते, यावर गेल्या काही दशकांत मेंदूच्या अभ्यासकांनी बरेच काम केले आहे. एखादी कृती शेकडो वेळा तशाच क्रमाने केली की मेंदू ती एका गठ्ठ्यात बांधून ठेवतो. पहिली पायरी सुरू झाली की बाकीच्या आपोआप उलगडतात. कुलूप लावले की नाही हे जिन्यात आठवत नाही, ते यामुळेच. आणि जो पूल शेकडो फेऱ्यांत मिटलेला दिसला, तो आजही मिटलेलाच ‘दिसतो’. डोळे पाहतात, मेंदू अपेक्षा पुरवतो.

यात शिकला-सवरलेला माणूसही अपवाद नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाचे सीटी स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितले होते. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी मुद्दाम गोरिलाचे चित्र घातले होते, गाठीच्या सरासरी आकाराच्या ४८ पट मोठे. २४ पैकी २० जणांना ते दिसले नाही. नजर कुठे फिरली हे यंत्राने टिपलेले होते. त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट गोरिलावरून गेली होती. ज्याला आपण बेफिकिरी म्हणतो त्यातली पुष्कळशी बेफिकिरी नसते. अपघातानंतर एका माणसाला दोषी ठरवून फाइल मिटवणे सोयीचे असते, एवढेच.

म्हणून शहाण्या शहरांनी कंडक्टरला आणखी दरडावण्यापेक्षा खटके एकमेकांना बांधले. यालाच रेल्वेत इंटरलॉकिंग म्हणतात. पूल चालवणाऱ्याच्या खोलीतले खटके अशा लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले, की एक ओढल्याशिवाय दुसरा हलतच नाही. आधी ट्रामचा सिग्नल लाल. मग रुळातला सांधा गाडी उतरवणाऱ्या स्थितीत. मग पुलाअलीकडच्या तारेची वीज बंद, म्हणजे चालकाने मोटर सुरू ठेवली तरी गाडीला ओढ मिळणार नाही. मग फाटक. हे सगळे झाल्यावरच पुलाचा अडसर सुटणार आणि पाते हलणार. पूल मिटताना हाच क्रम उलटा. अडसर पुरता सरकला नसेल तर सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. चालक थकलेला असो, कंडक्टर विचारात असो, यंत्र चुकीच्या क्रमाला तयारच होत नाही. आपल्याकडे इंटरलॉक असलेल्या रेल्वे फाटकावर, फाटक बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, ते याच तत्त्वाने.

शस्त्रक्रियागृहात भुलीच्या यंत्राला ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर जोडतात. दोन्हींच्या तोंडाशी भोके वेगळ्या जागी असतात आणि यंत्रावरच्या खुंट्याही त्यानुसार. रात्री तीन वाजता, घाईत, डुलक्या घेणाऱ्या माणसानेही नायट्रसचा सिलिंडर ऑक्सिजनच्या जागी लावायचा म्हटले तर तो बसत नाही. क्लीव्हलँडच्या सांध्याला हीच गोष्ट हवी होती, पूल उघडा असताना तो जुळायलाच नको होता.

जिथे यंत्र बांधता येत नाही तिथे तोंडाने बोलणे कामी येते. जपानी रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याचा रंग मोठ्याने उच्चारतात. नाशिकरोडवरून जाणाऱ्या गाडीचे लोको पायलट आणि त्यांचे सहायकही पुढचा सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. जपानमधल्या १९९४ च्या एका प्रयोगात, बोट दाखवून आणि बोलून काम केल्यावर शंभर कृतींमागे होणाऱ्या चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या होत्या. शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची जागा, ॲलर्जी हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचण्याची जागतिक आरोग्य संघटनेची यादी याच जातीची. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. तरी आपल्या कित्येक ठिकाणी ही यादी शस्त्रक्रिया उरकल्यावर एका हाताने भरली जाते, हेही ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. तो क्लीव्हलँडचा कंडक्टरच.

हलत्या पुलांवरून ट्राम आजही जातात. पोर्टलँडच्या १९१३ सालच्या ब्रॉडवे पुलावरून २०१२ पासून नवी ट्राम धावते. त्याच शहराच्या १९१२ च्या स्टील ब्रिजवरून १९८६ पासून शहरी विद्युत रेल्वे जाते. रॉटरडॅमच्या एरास्मस पुलाचा दक्षिणेकडचा भाग उचलता आहे आणि त्यावर ट्रामचे रूळ आहेत. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये १९३९ चा ट्रामचा उचलता पूल २०२१ साली निवृत्त झाला आणि शेजारी नवा, सरळ वर जाणारा पूल आला. तारेऐवजी अशा पुलांवर बऱ्याचदा कडक धातूची पट्टी टांगतात. ती लोंबकळत नाही, आणि दोन पट्ट्यांची टोके शेजारी शेजारी येऊन जुळली की झाले.

आता शेर्झरकडे परत. काशीची गंगा रामेश्वराला नेण्याची प्रथा नाशिकच्या घराघरांत ठाऊक आहे. रामेश्वरला रेल्वेने गेलेला प्रत्येक जण पांबनच्या पुलावरून गेला. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झालेल्या या सुमारे २ किलोमीटरच्या पुलाच्या मध्यावर शेर्झर पद्धतीची दोन पाती होती, शिकागोच्या विद्युत रेल्वेसाठी उभ्या राहिलेल्या पुलाच्या कुळातली. फरक इतकाच, की पांबनला ती माणसे हाताने दांडे फिरवून उचलत. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडीकडे निघालेली पॅसेंजर गाडी लाटांनी ओढून नेली, शंभराहून अधिक प्रवासी गेले. पुलाचे बहुतेक गाळे वाहून गेले, पण मधला उचलता भाग टिकला. ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा करणारे तरुण अभियंता होते ई. श्रीधरन, ज्यांना मराठी वाचक कोकण रेल्वेमुळे ओळखतो.

डिसेंबर २०२२ मध्ये जुना पूल गाड्यांसाठी बंद झाला. ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीला, शेजारचा नवा पूल सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा मधला भाग मोटरच्या जोरावर लिफ्टसारखा सरळ १७ मीटर वर जातो. १९६४ नंतर जुन्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र सिग्नलशी जोडले गेले होते. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की सिग्नल आपोआप लाल होई आणि कितीही उशीर झालेला असला तरी गाडी काठावर उभी राही. डब्यातले यात्रेकरू अशा वेळी खिडकीतून समुद्र पाहत बसत. गाडी का थांबली, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना कोणी सांगितलेले नसे.